मुराळी, व्हाया हरिश्चंद्रगड

...आणि वर मलाच विचारतात, "नाना, गाढव कुनाचं?" अरे, माझ्या दारात बांधलंय, माझ्या हातचा कडबा खातंय, सकाळी माझ्याच तोंडाकडं बघून ओरडतंय, मग ते काय तलाठ्याचं असेल? पण नाही! येणारा-जाणारा थांबणार, गाढवाकडं बघणार, मग ओट्यावर मांडलेल्या त्या रिकाम्या जारांकडं बघणार, ते निळे, वीस लिटरचे, लग्नात असतात ते, मग माझ्याकडं बघणार आणि गालातल्या गालात हसत विचारणार, "नाना, पान्याचा धंदा टाकला का काय?" म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांना बसवून सांगून टाकावं. बसा. मोहट्याच्या देवीची शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! एक शब्द खोटा निघाला तर ही जीभ... आता एक शब्द म्हणजे... बरं, एखाददुसरा निघेल. बोलता बोलता होतं माणसाकडून. एक भाग सोडला तर बाकी सगळं खरं, आणि तो भाग कोणता ते शेवटी सांगीन. मध्येच विचारायचं नाही!

तर तुम्हाला सांगतो, आमची सुकन्या, एकुलती एक लेक, दिली राजूरला. जिल्हा एकच, पण आम्ही पाथर्डीवाले पार उगवतीला आणि राजूर पार मावळतीला, डोंगरात. इतका फरक, की आमच्याकडं ढग आला तर लोक घराबाहेर येऊन बघतात आणि त्यांच्याकडं ऊन पडलं तर! लग्न झालं उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर बातमी आली की सुकन्याला दिवस गेलेत. आता पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि लेकीला सासरहून आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. भाऊ असला तर भाऊ जातो. आमच्या सुकन्याला भाऊ नाही. म्हणजे मुराळी कोण? मी! हे गुडघे घेऊन!

आणि आमच्या पुष्पावतीचं, म्हणजे आमच्या मंडळीचं तर काय विचारू नका. सुकन्या झाली तेव्हा आम्ही ऊसतोडीला होतो, तिकडं लांब, कारखान्यावर. पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, झाली पोरगी. बाळंतिणीला ना माहेर, ना शेक, ना डिंकाचा लाडू, आठवडा झाला नाही तर बाई परत मोळ्या बांधायला उभी. तेव्हापासून तिच्या मनात पक्कं, की लेकीचं बाळंतपण ह्या घरात, ह्या खोलीत, ह्या खाटेवर! लेकीचं लग्न ठरायच्या आधी खाट विणून तयार! डिंक आणला, खारीक आणली, लुगड्यांच्या मऊ मऊ गोधड्या शिवल्या... आणि मला रोज एकच, "आवं, लेकीला कधी आनायची?"

मग संक्रांत आली. लेकीची पहिली संक्रांत, वाण न्यायचं. पुष्पावती निघणारच होती, पण आमची गाय आज विते का उद्या विते अशी, म्हणून मी एकटाच गेलो राजूरला. आता आमचे व्याही, हनुमंतराव. माणूस लाखातला! पण पाण्याचं कौतुक इतकं, इतकं, की मी ओट्यावर पाय ठेवतोय तोवर सुरू, "रंगनाथराव, हात धुवा. धुवा, धुवा! सोडा नळ मोकळा! आवो, आमच्या नळाला तोटी हाय ती नुसती शोभेला. आमी बंद कराया उठतच न्हाई!" आणि खरंच, मागं नळ धो धो चालू, आणि हे तिकडं बघायला तयार नाहीत! मी पाथर्डीचा माणूस, माझा जीव नळात अडकलेला, व्याही काय बोलतायत ते अर्धं कानावर आलंच नाही.

मी विषय काढला. म्हटलं, व्याही, सातव्यात ओटी भरली की मी येतो, लेकीला घेऊन जातो. तर हनुमंतरावांनी राजूरचा पेढा तोंडात टाकला, अख्खा, आणि पेढा विरघळेपर्यंत मला थांबवून ठेवलं, आणि मग काय म्हणाले? म्हणाले, "न्या की. पन पाव्हणं, तुमी मानसं सपाटीची. चढ दिसला की जीपमधनं उतरून धक्का मारनारी. आमची सून आता डोंगरातली झाली. तिचा मुराळी बी डोंगरातनंच आला पायजे. असं करा, पाचनईतनं हरिश्चंद्रगडावर चढा, तिथनं कुमशेत, मंग ती कात्राबाईची खिंड, मंग रतनगड, मंग कळसूबाईला जाऊन पाया पडा, आन् उतरून चालत चालत माझ्या दारात या. लेक घिऊन जा!" आणि मी काय म्हणावं? कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, व्याही, चेष्टा करता काय! पण मी छाती पुढं काढली आणि म्हणालो, "येतो!"

जीभ हो, ही जीभ!

घरी आलो. पुष्पावती दारातच. "काय म्हनले? कधी धाडत्यात?" मी सगळं सांगितलं, गडासकट, खिंडीसकट. तिनं ऐकून घेतलं. आणि मग तिनं माझ्या पायांकडं बघितलं. तोंडाकडं नाही हां, पायांकडं! बराच वेळ. वीस वर्षं वडापची, शिटा भरून न्यायची जीप चालवून ह्या पायांना क्लच आणि ब्रेक सोडून तिसरं काही ठाऊक नाही. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या हो, तुमचे गुडघे मोडण्यापरीस लेक तिकडंच राहू द्या. म्हणायला नको होतं का? कुठलीही बाई म्हणाली असती! पण हिनं काय केलं? त्या दिवशी गप्प राहिली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प राहिली, मग डोक्यावर पदर घेतला आणि तडक गेली वाल्मिक मुकादमाकडं. "भाऊजी, ह्यास्नी डोंगरातनं राजूरला जायचंय, लेकीला आनाया. तेवढं नियोजन करून द्या."

झालं! संपलं! कारण वाल्मिकला तुम्ही ओळखत नाही. हा माणूस आयुष्यभर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जाणारा. ट्रक कुठं लावायचा, कोपी कुठं घालायची, कुणाची कोंबडी कुणाच्या पेटीवर ठेवायची, सगळं डोक्यात. त्याला नुसता 'जायचंय' हा शब्द ऐकू आला पाहिजे. लगेच एक बोट वर! "नियोजन पायजे, नाना! नियोजन!"

संध्याकाळी लिंबाखाली बैठक. मी, वाल्मिक, त्याची मंडळी कडूबाई चहा घेऊन, आणि मोबाईलच्या दुकानातला कल्याण. कल्याणला का बोलावलं? तर त्यानं डोंगर चढणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितलेले, म्हणून तो जाणकार! वाल्मिकनं घसा साफ केला आणि पहिला प्रश्न काय टाकला? "कोयते किती?"

आता आमच्याकडं, तुम्हाला सांगतो, प्रवासाला निघालेली माणसं डोक्यावर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, जोडी. नवरा तोडणार, बायको बांधणार. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मी म्हटलं, अरे वाल्मिक, डोंगरात ऊस नाही! तर म्हणतो, "मला म्हाईत हाय न्हाई ते. पन मोजायचं तरी कशात, नाना? नियोजन पायजे!" आणि धरले की त्यानं तीन कोयते! कल्याणचं तर लग्नसुद्धा झालेलं नाही, त्याचाही पूर्ण कोयता धरला, म्हणे तोवर जमंल.

तेवढ्यात कडूबाईनं चहाची किटली खाली ठेवली. म्हणाली, "मला सांगा, डोंगरात ऊस न्हाई?"

"न्हाई."

"खुरपायला काय हाय?"

"न्हाई."

"मंग बाया कशाला न्यायच्या? नुसतं चालायला? आन् चालून जायचं कुटं?"

"राजूरला."

"मंग यष्टीनं जा की!"

मी कल्याणकडं बघतोय, कल्याण मोबाईलकडं बघतोय, वाल्मिक किटलीकडं बघतोय. शेवटी वाल्मिक खाकरला, "ह्यास्नी नियोजनातलं कळत न्हाई. तीन अर्धे कोयते धरा." बाया गळाल्या. आणि नियोजन पुढं सरकलं.

मग रस्ता. कल्याणनं मोबाईलवर नकाशा काढला आणि बोटानं मोठा करत करत एकदम थांबला. "नाना, लोचा हाय." काय लोचा? तर डोंगर चढायचा पाचनईतून. आणि पाचनईला जायचं कसं? राजूरवरून! म्हणजे बघा तुम्ही, एसटीनं व्याह्याच्या दारासमोर जायचं, त्यानं बघू नये म्हणून सीटखाली वाकायचं, पुढं जाऊन डोंगरात उतरायचं, सगळा सह्याद्री पायाखाली घालायचा, जीव वाचला तर कळसूबाईवरून उतरायचं, आणि परत त्याच दारात येऊन म्हणायचं, पोहोचलो बरं का! मी म्हटलं, हे कशासाठी करतोय आपण? वाल्मिकचं बोट वर! "रस्त्याचं काय घिऊन बसला? ट्रक करू. तुमाला हौद्यात ताडपत्रीखाली निजवतो. व्याह्याच्या बापाला कळनार न्हाई."

ट्रक म्हटल्यावर काय हो, ट्रक म्हटल्यावर सामान आलंच! आम्ही सहा-सहा महिन्यांचा संसार एका ट्रकात भरणारी माणसं. पत्र्याची पेटी, तवा, काटवट, बाजरीचं पोतं, चुलीला तीन दगड... मी म्हटलं, अरे डोंगरात जाताना दगड नेतोयस? तर म्हणतो, "वळखीचे बरे असत्यात." कोंबड्या डालग्याखाली, अंड्यांची सोय. कल्याण बिचारा मधूनमधून म्हणतोय, "भाऊ, ते लोक पाठीवर सॅक घेत्यात, सॅक!" वाल्मिकनं विचारलं, "त्यात काटवट बसती का?" नाही बसत. "मंग ती मानसं भाकरी कशी करत्यात?" नाही करत, पाकिटातलं कायतरी खातात. वाल्मिकनं मान हलवली, फार दुःखानं. "नियोजन न्हाई वो त्यांचं."

इकडं पुष्पावती रोज विचारतेय, "झालं का नियोजन?" आणि विचारताना पदराआड... तेव्हा मला वाटलं खोकला आलाय.

आणि मग आलं पाणी. सगळं गाडं अडलं ते ह्या पाण्यावर. वाल्मिकनं साधा प्रश्न टाकला, कुठलाही पाथर्डीचा माणूस टाकील तो, "त्या डोंगरावर टँकर किती दिसांनी येतो?"

कल्याण म्हणाला, "टँकर येत न्हाई."

"मंग?"

"वर टाकी हायती. दगडातली, जुन्या काळची. गार पानी. बारा महिने."

"टाकी हाय म्हंजी भरलेली आसंल."

"भरलेलीच असती."

"आसंल की. पन भरतं कोन?"

"कुनी न्हाई! आपोआप!"

झालं! अहो, आमच्या जन्मात आम्ही आपोआप भरलेली टाकी बघितलेली नाही! टाकी म्हटली की टँकर आला, टँकर म्हटला की ग्रामसेवक आला, ग्रामसेवक म्हटला की 'उद्या येतो' आलं. कल्याण घसा कोरडा करून सांगतोय की झऱ्याचं पाणी आहे, कड्यातून झिरपतं, आणि वाल्मिक त्याच्याकडं बघतोय, जसं काय हा सांगतोय की डोंगरावर दूध झिरपतं. शेवटी मला बाजूला घेतलं. म्हणाला, "नाना, पोरगं मोबाईल बघून बिघडलंय. पानी आसं वरच्या वर ऱ्हात आसतं का? ते खाली न्हाई यायचं? तिथला ग्रामसेवक कोन हाय, नंबर काढा." आणि खोटं नाही सांगत, दोन दिवस आम्ही हरिश्चंद्रगडाच्या ग्रामसेवकाचा नंबर शोधत होतो! जो भेटेल त्याला विचारत होतो! कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचीच टाकी टँकरची!

नंबर मिळाला नाही. मग वाल्मिक म्हणाला, आपलं पाणी आपण न्यायचं. नियोजन पायजे! आले जार. चौदा. बरं, नऊ. आता कुणाकुणाच्या दारात उरलेले होते, पुष्पावतीनंच गोळा करून आणले. मी तिला म्हटलं, अगं, तू कशाला? म्हणाली, "आसू द्या. लेकीसाठी चाललाय." इतकी हौस! मला भरून आलं.

पण नऊ जार डोंगरावर चढवायचे कुणी? तीन अर्ध्या कोयत्यांनी?

त्याच सुमाराला मढीची जत्रा. आणि मढीच्या जत्रेत काय मिळतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! कानिफनाथांच्या पायथ्याशी गाढवांचा बाजार भरतो, लांब लांबची गाढवं येतात. वाल्मिकनं गाढवं तपासली, दात बघितले, खूर बघितले, एकाला चढ चढवून बघितला, आणि हे एक निवडलं. हे, हेच! मी दोरी धरून गावात आलो तर पोरांनी वरात काढली माझी. पुष्पावतीनं त्याला कुंकू लावलं, भाकरी दिली. म्हणाली, "चांगलं हाय. तुमच्यापरीस शांत दिसतंय."

मग सराव. कळसूबाईच्या आधी जरा आपला इथला गर्भगिरीचा डोंगर चढून बघू, असं ठरलं. एका बाजूला एक जार, दुसऱ्या बाजूला एक, पुढं कल्याण, मागं मी, आणि वाल्मिक खाली, सावलीत, नियोजनाला. चैताचं ऊन! अर्ध्या वाटेत माझे गुडघे असे वाजायला लागले, की गाढव मागं वळून बघायला लागलं. मी म्हटलं, कल्याण, दम खाऊ. दगडावर टेकलो. डोळा लागला असेल नसेल... गाढव गायब! जारांसकट!

आता गाढव कुठं जाणार? जिथं त्याचा बाजार भरला तिथंच! उतरलो, जीप काढली, मढीच्या अलीकडच्या वस्तीवर गेलो, आणि बघतो तर काय, गाढव मधोमध उभं, ताठ मानेनं, आणि त्याच्याभोवती बायांची रांग! हंडे, कळश्या, बादल्या! आठवडा झाला, टँकर आलेला नव्हता तिथं. एक म्हातारी, बनुबाई, गाढवाच्या पाठीवरून हात फिरवतेय आणि म्हणतेय, "टँकर आला न्हाई, पन तू आलास रं बाबा!" मी पुढं झालो, म्हटलं, आजी, गाढव माझं आहे. तिनं मला खालून वर बघितलं. "तुमचं व्हय? मंग उंद्या जरा सकाळच्याला धाडा. आन् टाईम पाळा!"

तेव्हापासून हे गाढव सुटलं की मढीच्या वाटेला लागतं. आणि रिकाम्या पाठीनं गेलं तर बाया मला फोन करून बोलतात!

असं करता करता सातवा गेला. हो! ओटीभरण राजूरलाच झालं, फोनवर फोटो आले, सुकन्या हिरव्या साडीत, मागं नळ चालू. आठवा लागला. आमची बैठक चालूच. गाढवाला कात्राबाईच्या खिंडीत उतरताना मागून धरायचं का पुढून, यावर वाल्मिक आणि कल्याणचं भांडण झालं, अबोला झाला, मग अबोला मिटवायला वेगळी बैठक! मी म्हणतोय, अरे, लेकीचे दिवस भरत आले! वाल्मिक म्हणतोय, "घाई करून चालत न्हाई नाना, नियोजन पायजे." नववा लागला. आणि एक दिवस कल्याण धावत आला, तिकडं पाऊस लागला, खिंडीतली वाट निसरडी, आता दिवाळीशिवाय नाव काढायचं नाही. वाल्मिकनं ठरवलेला ट्रक रद्द केला. कोंबड्या तोवर आम्ही खाल्ल्या होत्या.

आणि दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी जावईबापूंचा, हर्षलचा फोन. "मुलगी झाली! दोघी छान आहेत!" हनुमंतरावांनी मागून फोन ओढून घेतला, "रंगनाथराव, पेढे धाडतो! मुलीला बर्फी वाटायची आसती म्हनं, आमी पेढेच वाटनार!" मी हसलो, बोललो, फोन ठेवला. आणि ती विणलेली खाट समोर दिसली... नको, ते जाऊ द्या.

पुष्पावतीनं डिंकाचे लाडू डब्यात भरले, गोधड्या बांधल्या, एक पिशवी केली. आणि मग एक जार घेतला, टँकरच्या पाण्याला तुरटी फिरवली, फडक्यानं गाळलं, काठोकाठ भरला. मी म्हटलं, अगं, हे काय? "राजूरला नेतीये." राजूरला? पाणी? अगं, तिथं नळ बंद करत नाहीत! तर म्हणाली, "बाळातपन माहेरी झालं न्हाई. पाचवीचं न्हानं तरी माहेरच्या पान्यात हुंद्या."

उचलला जार, गेलो पाथर्डीच्या स्टँडवर. कंडक्टर बघतच राहिला. "मावशी, नगरला पानी न्हाई व्हय?" ही म्हणते, "नगरला न्हाई, राजूरला चाललंय." "राजूरला?" तो ड्रायव्हरला ओरडून सांगतो, "मामा, आपल्याकडनं राजूरला पानी चाललं!" सगळी गाडी हसतेय. ही खिडकीशी बसली, जार पायांत धरून, राणीसारखी. आणि गाडी सुटायच्या आधी, गाय-गाढव बघायला मागं राहणाऱ्या मला खुणेनं खिडकीशी बोलावलं.

"आवं, ते पैजेचं..."

"काय?"

"सुकन्यानं मला संक्रांतीच्या दुसऱ्याच दिशी फोन केल्ता. तिलाच ऱ्हावलं न्हाई, समदं सांगितलं."

बसा, बसा, उठू नका. हाच तो भाग. शेवटी सांगतो म्हटलं होतं ना?

व्याह्यांनी पैज लावलीच नव्हती. गड नाही, खिंड नाही, काही नाही. हनुमंतराव बिचारे म्हणाले होते, "तुमचीच लेक, कधीबी न्या." पण सुकन्यानं मला मागच्या दारी नेलं. म्हणाली, "आप्पा, ऐन उन्हाळ्यात तिकडं यायचं, दुपटी कशात धुवायची? मला आराम आन् पानी आईच्या डोक्यावर. टँकरमागं पळंल ती, हंडे व्हाईल. मी हितंच बरी हाय. पन आईला सांगू नका, मी आसं म्हनले म्हनून." आता हे मी घरी कसं सांगणार? खाट विणून बसलेल्या बाईला कसं सांगणार, की लेक यायची नाही म्हणते? एसटीत बसलो, विचार करत होतो, संगमनेर येईपर्यंत कात्राबाईची खिंड सुचली, नगर येईपर्यंत कळसूबाई. म्हटलं, डोंगर मोठा, गुडघे माझे, दोष व्याह्याचा. लेकीवर काही यायला नको.

मी म्हटलं, पुष्पे, तुला ठाऊक होतं? मग ते वाल्मिककडं जाणं, जार गोळा करणं, गाढवाला कुंकू?

म्हणाली, "रडले की मी. एक रात्र आन् निम्मा दीस. मंग म्हनलं, मला वाईट वाटू ने म्हनून ह्या बाबानं डोंगर हुबा केलाय. येवढा हुबा केलाय, तर चढू द्या की!"

आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी हनुमंतरावांचा फोन. आवाज पडलेला. "रंगनाथराव, विहीणबाईंनी पानी आनलं... आमच्याकडं... आमच्या पान्याला काय झालं वो?" आणि तुम्हाला सांगतो, मागं नळाचा आवाज येत नव्हता.

तर एवढाच भाग खोटा. बाकी सगळं खरं, गाढव तर खरंच, ते काय उभंय! आता बारसं होईस्तोवर पुष्पावती तिकडं, घरात मी आणि हे. वाल्मिक काल येऊन गेला, म्हणतो, "नाना, बारशाला डोंगरातनंच जाऊ, पन नियोजन पायजे." मी हो म्हटलं. करायचं काय दुसरं? संध्याकाळी ओट्यावर बसतो आणि गाढवालाच सगळा रस्ता समजावून सांगतो, पाचनई, कुमशेत, कात्राबाईची खिंड, रतनगड... ते कान टवकारून ऐकतं, अगदी शेवटपर्यंत ऐकतं, आणि मग मढीकडं तोंड करून उभं राहतं.